आदिलाबादचा इतिहास कुणी लिहिला

'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ १९४८ साली लंडनच्या मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याचे लेखक क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. हैदराबाद संस्थानातल्या आदिवासींवरच्या त्यांच्या ग्रंथमालेचा हा तिसरा खंड होता. आधीचे दोन खंड चेंचू आणि डोंगरी रेड्डी या जमातींवर होते. आशिया-आफ्रिकेच्या इतिहास-राजकारणावर विसाव्या शतकात निघालेली बहुतेक पुस्तके राजधान्यांबद्दल, राजवटींबद्दल आणि नेत्यांबद्दल बोलतात. ज्यांच्याकडे दप्तरखाना नव्हता, ज्यांची भाषा कचेरीत चालत नव्हती, अशा लोकांचा इतिहास पुस्तकात कसा येतो हे पाहायचे असेल, तर आदिलाबादवरची पुस्तके एकापाठोपाठ एक वाचावीत. दीडशे वर्षांत ती मोजकीच निघाली, पण प्रत्येक पुस्तकात लिहिणारा बदलला आणि त्याबरोबर इतिहासही बदलत गेला.

या जिल्ह्याशी मराठी वाचकाचे नाते जवळचे आहे. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. वर्धा आणि प्राणहिता ओलांडली की चंद्रपूर, गडचिरोली. निजामाच्या काळात १९०५ साली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा राजुरा आणि किनवट त्यातच मोडत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले आणि नांदेडचा मुधोळ तालुका उलट आदिलाबादेत गेला. मुधोळ-भैंसा भागात आजही घराघरांत मराठी बोलली जाते. २०१६ मध्ये तेलंगणने जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. जुन्या पुस्तकांत 'आदिलाबाद' असे येते तिथे हे चारही जिल्हे समजायचे.

गोंडांच्या परंपरेची पहिली मोठी नोंद नागपुरात झाली. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे, प्रधान समाजातल्या एका गायकाकडून लिंगोची गाथा उतरवून घेतली. हिस्लॉप १८६३ साली वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी संपादून १८६६ मध्ये छापले. निजामाच्या मुलखाबद्दल लिहिताना सय्यद हुसेन बिलग्रामी आणि विल्मट यांनी १८८० च्या दशकात मोठे वर्णनग्रंथ तयार केले, आणि १९२० साली सय्यद सिराज-उल-हसन यांचे संस्थानातल्या जाती-जमातींवरचे पुस्तक आले. या ग्रंथांत गोंड आहेत ते यादीतले एक नाव म्हणून. चालीरीती, देव आणि लग्नविधी यांची नोंद आहे. गोंडांची जमीन कुणाकडे गेली आणि का गेली, हा प्रश्न त्यांत नाही.

हा प्रश्न पुढे आला तो १९४० च्या उठावामुळे. जोडेघाट-बाबेझरीच्या डोंगरांत कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंड आणि कोलाम एकत्र आले. जंगल खाते राखीव जंगलाच्या हद्दी वाढवत होते, जंगलात कसलेल्या जमिनीवरून माणसे हुसकावली जात होती, चराईचे आणि लाकडाचे पैसे शिपाई वाट्टेल तसे उकळत होते. ज्या जमिनीवर आपण राबतो ती आपल्या ताब्यात असावी, ही मागणी घेऊन ते उभे राहिले. निजामाच्या पोलिसांनी जोडेघाटला गोळीबार केला आणि त्यात भीम मारले गेले. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा आज त्यांच्या नावाशी जोडली गेली आहे, आणि २०१६ पासून एका जिल्ह्याला त्यांचे नाव आहे. त्या वेळी मात्र सरकारदरबारी ही निव्वळ बंडाळी होती.

बंड मोडल्यावर ते का झाले हे जाणून घेण्याची गरज सरकारला वाटली. संस्थानात तेव्हा महसूल खाते पाहणारे विल्फ्रिड ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर १९३८ साली पुस्तक लिहिलेले अधिकारी. हायमेंडॉर्फ त्या वेळी हैदराबादेतच होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले होते, पण संस्थानात राहून काम करण्याची मुभा मिळाली होती. उठावाची कारणे शोधायला पत्नी बेटी यांच्यासह ते आदिलाबादच्या डोंगरात गेले आणि जैनूरजवळच्या मारलवाई या गोंड गावात राहिले. असाच प्रकार सुदानमध्येही घडला होता. तिथे न्युअर लोकांवर ब्रिटिशांनी बळाचा वापर केला, आणि मग सरकारच्याच सांगण्यावरून इव्हान्स-प्रिचर्ड यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांचा 'द न्युअर' हा ग्रंथ १९४० चा. आधी बंदूक आणि मग अभ्यासक हा क्रम दोन्हीकडे एकच आहे, आणि हे ग्रंथ वाचताना तो ध्यानात ठेवायला हवा.

मारलवाईत हायमेंडॉर्फ यांना जे सापडले ते कुठल्याही दप्तरात नव्हते. गोंडांचा इतिहास प्रधान गातात. प्रत्येक गोंड कुळाला पिढीजात प्रधान असतो. सुगी झाली की तो आपल्या यजमानाच्या घरी येतो. हातात किकरी: तीन तारांचे, चामड्याने मढवलेले, गजाने वाजवायचे वाद्य. रात्री अंगणात घोंगडी अंथरतात, घरचे आणि शेजारचे भोवती बसतात. प्रधान किकरीवर सूर धरतो आणि गाऊ लागतो. एखादा साथीला असतो, तो ओळीची शेवटची लकेर उचलतो. गाथा पहांदी कुपार लिंगलची, म्हणजे महाराष्ट्रातल्या गोंडांच्या लिंगोची. गोंड देवांची मुले गुहेत कोंडली गेली, जंगुबाईने त्यांना सांभाळले, लिंगलने त्यांना बाहेर काढले आणि त्यांचे चार समूह पाडले, अशी ती कथा. येरवेन, सारवेन, सिवेन, नालवेन, म्हणजे सात, सहा, पाच आणि चार देवांचे सगा. लग्न कुठे जमेल आणि कुठे नाही हे या सगांवर ठरते. म्हणजे रात्रभर चाललेले हे गाणे एकाच वेळी पुराणही असते, वंशावळही असते आणि कायदाही असतो. पुढच्या वर्षी त्याच घरी तीच गाथा पुन्हा होते. चुकली तर ऐकणारे म्हातारे टोकतात.

या प्रधानांची घरची भाषा मराठी. हायमेंडॉर्फ यांनी हे आवर्जून नोंदवले. चुलीपाशी, पोराबाळांशी, बाजारात प्रधान मराठी बोलतो. किकरी हातात घेतली की तोंडातून गोंडी येते, तीही जुनी, रोजच्या बोलण्यात नसलेल्या शब्दांनी भरलेली. एका समाजाचा सगळा इतिहास दुसऱ्या मातृभाषेच्या माणसांनी पाठ करून पिढ्यान्पिढ्या जपावा, हे सहज घडणारे नाही. गोंडांच्या इतिहासाचे राखणदार मराठीभाषक आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी होती. ती फार कमी जणांना माहीत आहे.

१९४८ च्या ग्रंथाचा मोठा भाग या गाथांनी व्यापला आहे. 'पुराणे आणि विधी' हे शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. गाण्याला इतिहासाचे साधन मानायचे की नाही, यावर तेव्हा विद्वानांचे एकमत नव्हते. आफ्रिकेत हाच प्रश्न यान व्हान्सिना यांनी ऐरणीवर आणला. काँगोतल्या कुबा राज्याच्या तोंडी परंपरा त्यांनी अभ्यासल्या आणि मौखिक परंपरेवरचा त्यांचा सैद्धांतिक ग्रंथ १९६१ साली फ्रेंचमध्ये आला. कथा कोण सांगतो, कुणापुढे सांगतो, चुकली तर कोण दुरुस्त करतो, या प्रश्नांनी तोंडी साक्ष तपासता येते, हे त्यांनी दाखवले. प्रधानाच्या रात्रीच्या बैठकीला हे सगळे निकष लागू पडतात. व्हान्सिनांच्या आधी तेरा वर्षे आदिलाबादच्या गाथा छापून झाल्या होत्या, फक्त त्यांना इतिहास म्हणण्याचे धाडस कुणी केले नव्हते.

गाथांच्या ग्रंथापेक्षा जिल्ह्याच्या आयुष्यावर जास्त परिणाम केला तो १९४५ च्या एका कोरड्या प्रकाशनाने. 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने हायमेंडॉर्फ यांचे चार अहवाल ग्रिगसन यांच्या प्रस्तावनेसह निघाले. त्यांत जमिनीचा प्रश्न नावानिशी मांडलेला आहे. गोंड बहुधा 'सिवाय जमाबंदी' पद्धतीने कसत, म्हणजे सारा भरत पण पट्टा नावावर नसे. पटवारी, सावकार आणि बाहेरचा शेतकरी यांच्या साखळीत अशी जमीन टिकणे अवघड होते. त्यावर खास लावणीचा उपाय निघाला. लावणी म्हणजे इथे तमाशातली नव्हे, तर सरकारने जमीन लागवडीस लावून देणे. आदिवासींना फुकट पट्टे देण्याच्या या मोहिमेत १९४९ पर्यंत अकरा हजारांहून अधिक पट्टेदारांच्या नावे सुमारे १,६०,००० एकर जमीन झाली. १३५६ या फसली सनात आदिवासी क्षेत्रासाठी वेगळा कायदाही आला. एखाद्या मानववंशशास्त्रज्ञाच्या टिपणांतून इतकी जमीन लोकांच्या नावे झाल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

त्याच मारलवाईत १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. वाचनपाठांची भाषा गोंडी होती आणि लिपी देवनागरी. संस्थानाची राजभाषा उर्दू, गावातला व्यवहार मराठीत किंवा तेलुगूत, आणि पाटीवर गोंडी. काही वर्षे हे चालले. पुढे भाषावार राज्य झाले, तेलुगू माध्यम आले आणि ही पुस्तके मागे पडली.

पट्टे वाटले जात होते त्याच काळात आदिलाबाद भागात मुलकी अधिकारी होते सेतुमाधवराव पगडी. निलंग्यात १९१० साली जन्मलेले पगडी मराठी वाचकाला ओळखीचे आहेत ते शिवकालाचे आणि मोगल-मराठा संबंधांचे इतिहासकार म्हणून, फारसी कागदांचे वाचक म्हणून. त्यांचे आत्मचरित्र 'जीवनसेतू' अनेकांच्या घरी असेल. आदिलाबादच्या डोंगरातला अधिकारी पगडी मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. त्यांनी गोंडी शिकली, कोलामी शिकली आणि दोन्ही भाषांची व्याकरणे इंग्रजीत लिहिली. गोंडीचे व्याकरण १९५४ चे. त्याआधी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक आले. हायमेंडॉर्फ यांच्या ग्रंथाशेजारी ते छोटे दिसते, पण त्याचे मोल वेगळे आहे. ज्या माणसाने जमिनीच्या पट्ट्यांवर सही करायची तोच माणूस अर्जदाराची भाषा त्याच्याकडूनच शिकतो आहे, हे दृश्य वसाहतकाळाच्या इतिहासात विरळाच दिसते. दख्खनच्या दरबारांचा इतिहास लिहिणाऱ्या हाताने दरबार नसलेल्या लोकांच्या भाषेचे व्याकरण मांडले. पगडींच्या गौरवपर लेखांत हे काम एका ओळीत उरकले जाते. मराठी इतिहासलेखनाचे त्यात मोठे नुकसान झाले आहे.

हायमेंडॉर्फ युद्धानंतर लंडनला गेले आणि १९५० पासून त्यांनी 'स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज' या संस्थेत मानववंशशास्त्राचा विभाग उभा केला. आशिया आणि आफ्रिका यांचा अभ्यास एका छताखाली आणणारी ही संस्था. तिच्या नावात 'आफ्रिकन' हा शब्द १९३८ साली आला. आदिलाबादची टिपणे, छायाचित्रे आणि चित्रफिती आज तिच्याच संग्रहात आहेत. हैदराबादला येण्याआधी, तिशीच्या दशकाच्या मध्यात, हायमेंडॉर्फ लंडनमध्येच मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांच्या अभ्यासवर्गात बसत. त्याच सुमारास तिथे केनियाहून आलेला एक किकुयू तरुण होता, जोमो केन्याटा. १९३८ साली केन्याटांनी आपल्याच लोकांवर 'फेसिंग माउंट केनिया' हे पुस्तक लिहिले. मालिनोव्स्कींनी त्याला प्रस्तावना दिली, आणि पंचवीस वर्षांनी लेखक आपल्या देशाच्या सत्तेवर आला. किकुयूंची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांनी कशी घेतली, हे त्या पुस्तकात 'आम्ही' म्हणून सांगितले आहे. एकाच गुरूच्या दोन विद्यार्थ्यांची ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की आदिलाबादच्या ग्रंथात काय नाही ते लगेच दिसते. त्यात प्रेम आहे, बारकावा आहे, लोकांच्या बाजूने केलेली वकिली आहे. 'आम्ही' म्हणणारा आवाज तेवढा नाही. तो यायला आणखी बराच काळ जायचा होता.

सत्तरच्या दशकात फ्यूरर-हायमेंडॉर्फ दांपत्य पुन्हा आदिलाबादेत काम करू लागले. त्या फेरभेटींतून 'द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश' हे १९७९ चे पुस्तक झाले आणि तीन वर्षांनी 'ट्राइब्ज ऑफ इंडिया: द स्ट्रगल फॉर सर्व्हायव्हल'. दुसऱ्या पुस्तकाचा सूर आधीच्या सगळ्यांपेक्षा कडवट आहे. चाळीसच्या दशकात मिळालेल्या पट्ट्यांची जमीन हातातून निघून गेली होती. रस्ते झाले, काळ्या जमिनीला कापसामुळे भाव आला, आणि मैदानातून तसेच महाराष्ट्रातून शेतकरी येऊन बसले. १९५९ चा जमीन हस्तांतरण बंदी नियम तेलंगणला १९६३ मध्ये लागू झाला आणि १९७० मध्ये कडक केला गेला. आदिलाबादेत तो 'वन ऑफ सेव्हंटी' या नावाने लहान मुलालाही माहीत आहे. पण कागदावरचा कायदा आणि शेतातला नांगर यांची गाठ पडायला उशीर झाला.

'ट्राइब्ज ऑफ इंडिया'मध्येच लंबाडा समाजाचा प्रश्न आहे, आणि तो महाराष्ट्राच्या सीमेशी थेट जोडलेला आहे. लंबाडा, म्हणजेच बंजारा किंवा लमाण, महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातींत मोडतात. तेलंगणच्या भागात १९७७ पासून ते अनुसूचित जमात आहेत. सीमेच्या एका बाजूला एक दर्जा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा, त्यामुळे मोठे स्थलांतर झाले आणि गोंडांसाठी राखलेल्या सवलतींत नवे वाटेकरी आले, असे हायमेंडॉर्फ लिहितात. तो तंटा अजून मिटलेला नाही. २०१७ च्या अखेरीस आदिलाबादेत दोन्ही समाज रस्त्यावर समोरासमोर आले होते. लंबाडांची बाजूही तितक्याच गांभीर्याने समजून घ्यायला हवी. त्यासाठी भंग्या भूक्या यांचे 'सब्जुगेटेड नोमॅड्स' हे २०१० चे पुस्तक आहे. बैलांवर धान्य वाहणारे तांडे निजामाच्या काळात रेल्वे आणि नव्या वाहतुकीमुळे धंद्यातून कसे उठले, जमिनीकडे का वळले, हे त्यात कागदपत्रांनिशी मांडले आहे. दोन्ही पुस्तके वाचली की एकाला खलनायक करण्याची घाई राहत नाही.

जमिनीच्या या तणावाचा स्फोट इंद्रवेल्लीला झाला. २० एप्रिल १९८१, सोमवारचा बाजार. गिरिजन रयतु कुली संघम या आदिवासी शेतकरी-मजुरांच्या संघटनेच्या सभेसाठी गोंड जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, मानवी हक्क संघटनांचा त्याहून कितीतरी मोठा. तिथे आज स्तूप उभा आहे. त्यानंतर काही वर्षांतच साहू आणि अल्लम राजय्या यांची कोमरम भीम यांच्यावरची तेलुगू कादंबरी आली, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा उठाव इंद्रवेल्लीच्या उजेडात पुन्हा वाचला गेला. इंग्रजी ग्रंथ जिथे पोचत नव्हते तिथे कादंबरी पोचली. पुढे २०२२ मध्ये 'आरआरआर' या चित्रपटाने भीम यांचे नाव देशभर नेले, पण त्यातली कथा कल्पित आहे. खऱ्या भीमांसाठी कादंबरी आणि हायमेंडॉर्फ यांचे लेखन दोन्ही हवे.

भूक्या यांचा 'द रूट्स ऑफ द पेरिफेरी' हा दख्खनच्या गोंडांचा इतिहास २०१७ साली आला. हायमेंडॉर्फ यांना गोंड सापडले ते डोंगरात, एकटे, मैदानापासून तुटलेले. भूक्या विचारतात की ते तिथे गेले कसे. चांद्याचे गोंड राजे, उटनूरचे किल्लेदार घराणे, माणिकगड, सिरपूर: हे सत्तेचे प्रदेश होते. मोगल, मराठे, निजाम आणि इंग्रज यांच्या राज्यकारभाराने त्यांना हळूहळू कडेला लोटले. 'आदिवासी मुलूख' ही वस्तू निसर्गाने दिलेली नसून कारभाराने घडवलेली आहे, असे ते मांडतात. आफ्रिकेबद्दल महमूद ममदानी यांनी १९९६ च्या 'सिटिझन अँड सब्जेक्ट' मध्ये असेच म्हटले होते: शहरात नागरिक आणि खेड्यात टोळीप्रमुखाची प्रजा, ही फाळणी वसाहतीच्या राज्यपद्धतीने केली. आदिलाबादच्या अनुसूचित क्षेत्राला ही चौकट जशीच्या तशी बसत नाही, कारण इथे वेगळा कायदा लोकांना राखण्यासाठीही झाला. तरी हायमेंडॉर्फ वाचून झाल्यावर भूक्या वाचले नाहीत तर वाचन अर्धे राहते.

गोंडीत लिहिलेला पुरावा मात्र या सगळ्या विद्वानांच्या शेजारीच पडून होता. नारनूर मंडलातल्या गुंजाला या गावी काही घरांत वेगळ्याच लिपीतली हस्तलिखिते निघाली. ती अठराव्या शतकाच्या मध्याची असावीत असे मानले जाते. हैदराबादचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांनी त्यांचा पाठपुरावा केला. लिपी वाचता येणारी मोजकी वृद्ध माणसे गावात उरली होती. अभ्यासकांनी लावलेल्या वाचनानुसार त्यांत रामायणाची एक वेगळी कथा आहे, ब्रह्मदेशाशी झालेल्या व्यापाराचे उल्लेख आहेत आणि चंद्रपूरच्या गोंड राजांच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याची नोंद आहे. जून २०१८ मध्ये 'गुंजाला गोंडी' ही लिपी युनिकोडमध्ये दाखल झाली, आणि गावातली मुले ती पाटीवर गिरवू लागली.

मारलवाईत बेटी हायमेंडॉर्फ यांची समाधी आहे. १९८७ साली त्या हैदराबादेत वारल्या. दर जानेवारीत गावकरी तिथे जमतात. पुष्य अमावास्येला केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेश्राम कुळ पूजा करते आणि हायमेंडॉर्फ यांच्या काळात सुरू झालेला दरबार अजून भरतो. गोंड तिथे जमिनीचे, पाण्याचे, शाळेचे अर्ज घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभे राहतात, आणि पैनगंगेच्या अलीकडून आलेले पाहुणे मराठीत चौकशी करतात की यंदा कुठला प्रधान गाणार आहे.